तिसरीतल्या लेकीला थेट पाचवीत बसवू का?

प्रश्न: नमस्कार ताई. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, शिक्षक दोनच. तिथे ती तिसरीत आहे. तिसरीची पुस्तकं तिनं जूनमध्येच वाचून संपवली. आता जेठांच्या मुलाचं सहावीचं गणिताचं पुस्तक घेऊन बसते. कापूस वेचायला बाया येतात तेव्हा संध्याकाळी कोणाचे किती पैसे झाले ते ती तोंडी सांगते, तिचे पप्पा मोबाईलवर करेपर्यंत तिचं झालेलं असतं. अक्षर मात्र कोंबडीचे पाय. शाळेत तिचं काम सगळ्यांच्या आधी होतं, मग सर तिला बाकीच्यांच्या वह्या तपासायला देतात. पोरं तिला 'चमची' म्हणतात. दोन महिने झाले, सकाळी उठली की पोटात दुखतं म्हणते. मागच्या आठवड्यात एक भागाकार चुकला तर तिनं वहीचं पानच फाडलं. सर म्हणतात, हिला थेट पाचवीत बसवा. तिचे पप्पा म्हणतात, पुढच्या जूनला जळगावला खोली करू, इंग्लिश मीडियमला टाकू, फाउंडेशनचा क्लास लावू, कापसाचे पैसे येतीलच. सासरे म्हणतात, "पोरनी जात शे, इतलं शिकाडीसन काय करनं शे?" मी बारावी झाले आहे, पण तिचे प्रश्न आता मलाच जड जातात. काय करू?
— एक आई, अमळनेर तालुका

उत्तर:

ताई,

पोटापासून सुरुवात करू. आधी एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. जंत, खराब पाणी, बद्धकोष्ठ असं काही निघालं तर औषधानं थांबेल. काहीच निघालं नाही तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुखलेल्या दिवसाला टिंब देत चला. रविवारी आणि सणाच्या सुट्टीत टिंब नाही, सोमवारी मात्र हटकून आहे, असं दिसलं की कारण शाळेत शोधायचं. तोवर घरात कोणी "नाटकं करते" म्हणू नये. मुलांचं असं दुखणं खरोखर दुखतं. तिचा दिवस कसा जातो बघा ना: जे जूनमध्येच येत होतं ते पुन्हा ऐकायचं, आणि उरलेल्या वेळात बरोबरीच्या पोरींच्या चुकांवर लाल पेन चालवायचा. मोठ्या माणसाला महिनोन्‌महिने असं बसवलं तर तोही सकाळी काहीतरी दुखतंय म्हणेल.

ते वह्या तपासणं तेवढं सरांना सांगून लगेच थांबवा. सरांचा हेतू वाईट नाही. दोन माणसांनी चार वर्ग ओढायचे, पोषण आहाराची नोंद ठेवायची, ऑनलाइन माहिती भरायची, त्यात एका पोरीचं काम दहा मिनिटांत संपतं. तिला गुंतवायला दुसरं चटकन सुचणार काय? पण आठ वर्षांच्या मुलीला बरोबरीच्या पोरांवर नेमलं की तिला मैत्रीण मिळत नाही. 'चमची' हे नाव तिच्या हुशारीनं पडलेलं नाही, त्या लाल पेनानं पडलं आहे. पेन परत गेला की नावही हळूहळू विरेल.

आता त्या फाडलेल्या पानाबद्दल. तुम्ही ती ओळ जाता जाता लिहिली आहे. मला मात्र सगळ्या पत्रात तीच महत्त्वाची वाटली.

तुमच्या लेकीला आजवर शाळेत एकदाही अडलेलं नाही. एखादं गणित येत नाही, मग उद्या परत बघू, परवा जेठांच्या मुलाला विचारू, तरी जमत नाही, आणि मग अचानक आंघोळ करताना सुचतं, हा अनुभव तिच्या वर्गातल्या साध्या पोरांना रोज मिळतो. तिला तो कधी मिळालाच नाही. त्यामुळे पहिल्यांदा भागाकार अडला तेव्हा तिला वाटलं असणार की संपलं, आपण हुशार नाहीच. अशी पोरं चौथी-पाचवीपर्यंत चमकतात, आठवी-नववीत खरा अवघड अभ्यास आला की एकदम मागे पडतात, आणि सगळे म्हणतात, "लहानपणी किती हुशार होती!" बुद्धी कुठे गेलेली नसते. अडल्यावर काय करायचं, ते शिकायचं राहून गेलेलं असतं.

यात घराचाही थोडा वाटा असतो. पाहुणे आले की "सांग ग, अडतीस किलोचे बारा रुपयांनी किती?" आणि पोर "चारशे छप्पन" म्हणाली की टाळ्या, व्हिडिओ, स्टेटस. अमेरिकेत क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक या दोघींनी पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग 1998 मध्ये छापून आले. सोपी कोडी सोडवल्यावर काही मुलांना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. पुढे कोणती कोडी हवीत असं विचारल्यावर हुशार म्हटलेल्यांतल्या बहुतेकांनी चुकायची भीती नाही अशी कोडी मागितली, मेहनतीवर शाबासकी मिळालेल्यांनी नवीन शिकवणारी. अवघड कोड्यात आपटल्यावरही पहिल्या गटाचा हिरमोड जास्त झाला. तेव्हा कौतुक करा, भरपूर करा, पण बरोबर उत्तरासाठी नको. "हे तुला अर्धा तास येत नव्हतं, तरी सोडलं नाहीस," यासाठी करा. आणि तो हिशेब सांगायचा खेळ पाहुण्यांसमोर बंद.

म्हणजे तुमच्या लेकीला आत्ता हवं काय, तर रोज थोडं अडायला मिळायला हवं. पाचवीत बसवणं, जळगाव, क्लास, परीक्षा, हे सगळं मी याच एका प्रश्नावर तोलते आहे: त्यानं तिला अडायला मिळेल का?

सरांचा सल्ला घेऊ. वर्ग ओलांडायला माझा तत्त्वतः विरोध नाही, आणि "वर चढवलेली पोरं बिघडतात" हे जे आपल्याकडे सरसकट बोललं जातं ते खरं नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली यांनी 1971 मध्ये गणितात खूप पुढे असलेल्या मुलांचा अभ्यास सुरू केला. तो पुढे कित्येक दशकं चालला आणि त्यातली मुलं म्हातारपणाकडे झुकेपर्यंत त्यांची माहिती घेतली गेली. वेगानं पुढे नेलेल्या मुलांचं त्यामुळे मन खचलं, असं काही त्यातून निघालं नाही. उलट अभ्यासात त्यांचा फायदाच झाला. पण तिथे वर चढवण्याआधी मुलाचे सगळे विषय, वय, तब्येत, त्याची स्वतःची इच्छा, घेणाऱ्या शिक्षकाची तयारी, हे सगळं पाहतात.

तुमच्या बाबतीत ते पाहिलं तर मला तीन अडचणी दिसतात. तिचं गणित सहावीचं आहे, पण हात आठ वर्षांचाच आहे. कोंबडीचे पाय तुम्हीच लिहिलेत. पाचवीत लिखाण एकदम वाढतं, आणि डोक्यात उत्तर तयार असून हात मागे राहिला की ती परत पान फाडणार. दुसरं, तुमची शाळा चौथीपर्यंत. म्हणजे पाचवीसाठी तिला दुसऱ्या गावी जावं लागेल, आणि एवढ्याशा पोरीला मोठ्या मुलांच्या गर्दीत एस.टी.नं पाठवायचं का हा प्रश्न आहेच. आणि तिसरं, जे मला सगळ्यात मोठं वाटतं: पाचवीचा वर्गही त्याच चालीनं चालतो. जूनमध्ये ती पाचवीची पुस्तकं संपवील आणि ऑगस्टमध्ये परत पोट दुखेल. पॅसेंजर हळू चालते म्हणून पुढच्या स्टेशनावर जाऊन तीच पॅसेंजर पकडल्यासारखं होईल ते.

कागदपत्रांचाही विचार करा. जवाहर नवोदय विद्यालयाचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून सुरू झालेल्या या शाळा, आपल्या जिल्ह्यातली भुसावळजवळ साकेगावला आहे. राहणं, जेवण, पुस्तकं मोफत. सहावीत जास्तीत जास्त 80 मुलं घेतात, त्यातल्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना आणि एक तृतीयांश मुलींना. गावातल्या हुशार मुलीसाठी एवढी सरळ सोय दुसरी नाही. पण ग्रामीण जागेची अट अशी की तिसरी, चौथी आणि पाचवी, प्रत्येक इयत्ता पूर्ण वर्षभर ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत झालेली हवी. त्या तीन वर्षांत शहरातल्या शाळेत एक दिवस जरी नाव असलं तरी मूल शहरी धरलं जातं. चौथी ओलांडली तर ही साखळी तुटते, आणि पुढच्या जूनला जळगावला नाव घातलं तरी तुटते. परीक्षेला वयाचीही अट आहे आणि ती एकदाच देता येते. तुम्ही तिला नवोदयला पाठवालच असं नाही, आठवीच्या आतल्या मुलीला वसतिगृहात ठेवायला अनेक आयांचं मन होत नाही आणि त्यात चूक काही नाही. पण आज न कळत दार लावून घ्यायचं कशाला? पुढे तिला डॉक्टर व्हायचं असलं तर त्या प्रवेश परीक्षेलाही त्या वर्षीच्या 31 डिसेंबरला 17 वर्षं पूर्ण लागतात. आज घाईनं वाचवलेलं वर्ष तिथे घरी बसून घालवावं लागू शकतं.

मग मार्ग काय? तो तुमच्या शाळेतच आहे, आणि शहरातल्या मोठ्या शाळेपेक्षा तुमच्याकडे तो सोपा आहे. दोन शिक्षकी शाळेत बहुतेक वेळा तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, एकाच सरांपुढे बसतात. तसं असेल तर गणिताच्या वेळी तिनं फक्त खोलीच्या पलीकडच्या बाजूला सरकायचं आहे. हजेरी तिसरीतच, मराठी तिसरीतच, कविता, चित्रकला, खो-खो सगळं तिसरीतल्या पोरींबरोबर. गणित तेवढं चौथीबरोबर. कोणाची परवानगी नको, दाखला नको, पोर्टलवर काही बदल नको. सरांना एवढंच म्हणा, "सर, पाचवीत बसवायचा विचार पुढच्या वर्षी करू. तोवर चौथीच्या गणिताला हिला त्या बाजूला बसू द्या." बहुतेक सर हो म्हणतील, कारण त्यांचं काम त्यानं वाढत नाही.

आणखी एक गोष्ट सुचवा. नवा पाठ सुरू करायच्या आधी त्या पाठाचा शेवटचा सरावसंच तिला सोडवायला द्यावा. आठ-नऊ गणितं बरोबर आली तर तो पाठ तिला माफ. जे चुकलं तेवढंच शिकवायचं. वाचलेल्या वेळात तिनं दुसरं, अवघड काहीतरी करायचं, वह्या तपासायच्या नाहीत. जोसेफ रेन्झुली नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं ही पद्धत तिकडे रुजवली, पण आपल्याकडचे चांगले गुरुजी नाव न देता हेच करत आले आहेत.

अवघड काहीतरी म्हणजे काय, हे तुम्ही विचाराल. मी एक नमुना देते. नाशिकजवळच्या देवळालीला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर नावाचे एक शाळामास्तर होते. आकड्यांशी खेळायचा त्यांना नाद. त्यांनी 1949 मध्ये शोधलेली एक गंमत आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आहे. लेकीला म्हणा, चार अंकी कुठलीही संख्या घे, फक्त चारही अंक सारखे नकोत. समजा 3524. त्याच अंकांची मोठ्यात मोठी संख्या कर, 5432. लहानात लहान कर, 2345. वजाबाकी कर: 3087. आता 3087 ला तेच कर. 8730 वजा 0378, आले 8352. परत तेच. 8532 वजा 2358, आले 6174. अजून एकदा करून बघ म्हणा. 7641 वजा 1467, परत 6174. आता ती दुसरी संख्या घेईल, तिसरी घेईल, आणि प्रत्येक वेळी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत 6174 वर येऊन अडकेल. तिसरीतल्या मुलीला वजाबाकी येते, म्हणजे साधन तिच्याकडे आहेच.

इथपर्यंत सोपं आहे. आता विचारा, "तीन अंकी घेतली तर? दोन अंकी घेतली तर?" तीन अंकीत ती एका संख्येवर जाऊन थांबेल, ती कोणती हे तिलाच शोधू द्या. दोन अंकीत मात्र वेगळंच काहीतरी होतं, ते मी इथे लिहीत नाही. तुम्ही दोघी मिळून करून बघा. आणि मग शेवटचा प्रश्न, "असं का होतं?" याचं पूर्ण उत्तर तिला या वर्षी येणार नाही. पुढच्या वर्षीही बहुधा नाही. पण तीन अंकी वजाबाकीत प्रत्येक वेळी मधला अंक 9 च का येतो, एवढं ती आठ-पंधरा दिवस डोकं खाजवून नक्की पकडील. हे पंधरा दिवस मला हवे आहेत. त्यात ती चिडेल, कदाचित एखादं पान आणखी फाटेल. फाटू द्या. कागद स्वस्त आहे.

तुम्ही लिहिलंत की तिचे प्रश्न तुम्हाला जड जातात. उत्तर तुम्हाला यायलाच हवं असं कुठे आहे? जयंत नारळीकर लहानपणी बनारसला राहत. त्यांचे मामा, मोरेश्वर हुजूरबाजार, गणितात एम.एस्सी. करायला त्यांच्या घरी राहायला आले. घरात फळे लावलेले होते. मोरुमामा त्यातल्या एका फळ्यावर छोट्या जयंतसाठी एक अवघड कोडं लिहून ठेवायचे, आणि ते सुटेपर्यंत किंवा भाचा हात टेकेपर्यंत तसंच राहायचं. यातला गणिती मामा तुमच्याकडे नाही, पण फळा येऊ शकतो. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक हात रुंदीचा काळा रंग फासला तरी भागेल. आठवड्याला एक कोडं. ते सर देतील, जेठांचा मुलगा देईल, शिष्यवृत्तीच्या जुन्या प्रश्नपत्रिकेतून मिळेल. तुम्ही भाकरी थापता थापता फक्त विचारायचं, "कुठपर्यंत आलं? काय करून बघितलंस? तिथे का अडलं?" बारावी झालेल्या आईला एवढं उत्तम जमेल. माझं तर मत आहे की उत्तर माहीत नसलेली आई इथे जास्त उपयोगी. तिला घाईनं सांगून टाकायचा मोह होत नाही.

आता नाना, म्हणजे तुमचे सासरे. त्यांचं वाक्य तुम्हाला लागलं असणार, लागण्यासारखंच आहे. पण वाद घालून ते बदलणार नाहीत. त्यांना कामाला लावा. तुमच्या सासऱ्यांच्या पिढीतल्या पुष्कळांना शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी घोकून घेतलेली असते, काहींना औटकीसुद्धा. औट म्हणजे साडेतीन. साडेतीन, सात, साडेदहा, चौदा असा तो पाढा. पुस्तकात हे आता कुठे नाही. लेकीला नानांजवळ बसवा आणि त्यांना म्हणायला लावा. दोन दिवसांत ती त्यांना सांगेल की औटकी म्हणजे सातच्या पाढ्याचं निम्मं आहे, मग पाठ कशाला करायची? नानांनी ती मार खाऊन पाठ केलेली असणार, त्यामुळे तिथे जे भांडण होईल ते ऐकण्यासारखं असेल. नात आपल्याशी हिशेबाचं बोलते आहे, हे एकदा आवडलं की "पोरनी जात" आपोआप कमी ऐकू येईल. नाहीच आलं तरी तुम्ही ठाम राहा. आपल्याच असोद्याची बहिणाबाई चौधरी अक्षर न शिकता एवढं बोलून गेली. ती शाळेत गेली असती तर तिचं काय बिघडणार होतं, असं नानांना एकदा विचारून बघाच.

अक्षराचं आणि मैत्रिणींचं एकत्रच सांगते. साने गुरुजी अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतःच्या हातानं लिहून रोजचं दैनिक काढायचे. तुमच्या तालुक्याचाच वारसा आहे तो. सरांना सांगून शाळेत आठवड्याचं भित्तिपत्र सुरू करा. एका पोरीनं चित्र काढायचं, एकीनं गावातली बातमी आणायची, तुमच्या लेकीनं एक कोडं घालायचं, आणि मागच्या आठवड्याचं कोडं कोणी कसं सोडवलं ते लिहायचं. दुसऱ्यांनी वाचायचं म्हटल्यावर अक्षर सुधारायचं कारण तिला स्वतःलाच मिळेल. आणि तिथे ती चुका काढणारी राहणार नाही, बरोबर काम करणारी असेल. वाचायला बालभारतीचं 'किशोर' मासिक आहे, 1971 पासून निघतं आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पुढच्या इयत्तांची पाठ्यपुस्तकंही ई-बालभारतीवर मोफत आहेत, विकत घेऊ नका. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारी घराबाहेर पाऊल ठेवता येत नाही, तेव्हा हे सगळं कामाला येईल. पाटणादेवीला देवदर्शनाला जाल तेव्हा तिला सांगा की भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला होता. तिथे सापडलेल्या 1207 च्या शिलालेखात तसं कोरलेलं आहे. चाळीसगावच्या डोंगरात आठशे वर्षांपूर्वी पोरं गणित शिकत होती, हे ऐकून तिचे डोळे कसे होतात ते मला कळवा.

परीक्षांचं थोडक्यात. शासनाची शिष्यवृत्ती परीक्षा तिनं द्यावी. तिची इयत्ता शासनानं अधूनमधून बदलली आहे, तेव्हा त्या वर्षी कोणत्या इयत्तेला आहे ते सरांना विचारा. सहावीत गेल्यावर मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा आहे, ती मला आवडते, कारण पुढच्या फेऱ्यांत हातानं प्रयोग आणि स्वतःचा प्रकल्प करावा लागतो. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या, सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांना त्यातून नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. खासगी कंपन्यांच्या त्या 'ऑलिम्पियाड' मात्र फी भरणाऱ्या निम्म्या शाळेला पदक देतात. त्यात पैसे घालू नका. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी सांगणारे, डोळे बांधून वाचायला शिकवणारे लोकही तालुक्याच्या गावी फिरत असतात. त्याला कसलाही शास्त्रीय आधार नाही, दारातूनच परत पाठवा. खऱ्याखुऱ्या बुद्धिमत्ता चाचणीचीही आत्ता गरज नाही. कॅलिफोर्नियात लुईस टर्मन यांनी 1921 पासून चाचण्या घेऊन हजारभर तल्लख मुलं निवडली. चाचणीत कमी पडली म्हणून वगळलेल्यांत विल्यम शॉक्ली आणि लुई अल्वारेझ ही दोन पोरं होती. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

शेवटी तिच्या पप्पांचा बेत. पोरीसाठी कापसाचे पैसे काढायला तयार असलेला बाप आहे, हे आधी मान्य करा आणि त्यांना तसं बोलून दाखवा. मग विचारा, फाउंडेशनच्या क्लासमध्ये तिला काय मिळणार? सातवी-आठवीचं गणित सूत्रं पाठ करून आधीच करायला मिळेल. म्हणजे तिथेही अडायचं नाही, घोकायचंच. आठव्या वर्षी त्यात घालण्यासारखं मला काही दिसत नाही. नववीत तिला स्वतःला वाटलं तर बघता येईल. इंग्रजीची काळजी रास्त आहे, पण त्यासाठी माध्यम बदलायला नको. आज ती मराठीत विचार करते, मराठीत अडते, मराठीत भांडते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत मुलाच्या घरच्या भाषेतच शिकवावं असं म्हटलं आहे. रोज वीस मिनिटं इंग्रजी गोष्टीचं पुस्तक मोठ्यानं वाचून घ्या, पुढे सेमी इंग्रजीची वाट मोकळी आहेच. आणि जळगावला खोली केली तर तुम्ही आणि लेक तिकडे, शेत आणि नाना इकडे, तिकडे हातात नोकरी नाही की भाडं निघेल. एवढा सगळा संसार हलवून तिला मिळणार काय, तर पन्नास-साठ पोरांच्या वर्गात पुन्हा सगळ्यांच्या आधी संपलेलं काम.

तर आत्ता एवढंच करा. या सोमवारी सरांना भेटा, लाल पेन परत करा, चौथीच्या गणिताचं बोला. रविवारी फळा रंगवा. कॅलेंडरवरची टिंबं पुढचे दोन महिने मोजत राहा आणि मला कळवा. टिंबं कमी झाली नाहीत, किंवा सरांनी नाहीच ऐकलं, तर केंद्रप्रमुखांशी कसं बोलायचं ते मी लिहून देईन. पाचवीचा विषयही तेव्हा परत काढू. तोवर जळगावच्या खोलीचं डिपॉझिट देऊ नका.